तारखेप्रमाणे नीतिसूत्रे : गुरुवार पेठेतील एका ख्रिस्ती घरातले शिक्षण

मोहरीचा दाणा (धागाकर्ता)

पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, नीतिसूत्रांच्या पुस्तकात एकतीस अध्याय आहेत, आणि आमच्या घरात महिन्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयापेक्षा त्या अध्यायांवरूनच कळत असे. सात तारखेला सातवा अध्याय, एकोणीस तारखेला एकोणिसावा, असा तो क्रम वर्षानुवर्षे चालला. तीस दिवसांच्या महिन्यात शेवटच्या दिवशी दोन अध्याय वाचावे लागत आणि फेब्रुवारीच्या अखेरीस तर चार, कारण सद्गुणी स्त्रीचे वर्णन असलेला एकतिसावा अध्याय कोणत्याही महिन्यात चुकू नये, असा पप्पांचा आग्रह होता. तो अध्याय ते स्वतः वाचत आणि वाचता वाचता आईकडे पाहत. त्या पाहण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

घरी शिकलेल्या मुलांचे बालपण हरवते, आणि ते घर धार्मिक असेल तर मुले जगापासून तुटतात, असे मत अलीकडे वारंवार कानावर येते. माझे बालपण तसे गेले नाही. १९९४ पासून दहावीपर्यंत मी गुरुवार पेठेतल्या एका वाड्यात, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, आईच्या हाताखाली शिकलो. त्या वर्षांविषयी माझ्या मनात कृतज्ञतेखेरीज काही नाही, आणि ती कृतज्ञता कशाबद्दल आहे हे एकदा नीट लिहून काढावे, म्हणून हा धागा.

मला शाळेतून काढण्याचे कारण धर्म हे नव्हते. मी बोलताना अडखळत असे. हजेरीच्या वेळी माझे नाव पुकारले की ‘हजर’ या शब्दातला ‘ह’ घशातून बाहेरच येत नसे, आणि तिसरीच्या वर्गातल्या बाईंना तो माझा खोडसाळपणा वाटे. नाव नीट सांगता येईपर्यंत दारात उभे राहण्याची शिक्षा मी एका पावसाळ्यात किती वेळा भोगली, याची मोजदाद माझ्याकडे नाही. एकदा आई डबा द्यायला आली आणि तिने मला तसे उभे असलेले पाहिले. ती स्वतः डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका होती. तिने बाईंशी वाद घातला नाही. घरी आल्यावर पप्पांशी दोन रात्री बोलणे झाले, प्रार्थना झाली, आणि महिनाअखेरीस तिने स्वतःच्या नोकरीचा राजीनामा दिला. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर असलेल्या पप्पांच्या एका पगारावर घर चालवायचे, हा त्या दोघांनी मिळून घेतलेला निर्णय होता, आणि त्यामुळे काय काय घ्यायचे राहून गेले याचा उच्चार आमच्यासमोर कधी झाला नाही.

पहिले सहा महिने आईने मला एकही प्रश्न तोंडी विचारला नाही. त्याऐवजी ती गाऊ लागली. अडखळणारी बहुतेक माणसे गाताना अडखळत नाहीत, आणि दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिसळून काही म्हणतानाही त्यांची जीभ सहसा मोकळी चालते, ही गोष्ट वाणीदोषांच्या तज्ज्ञांना चांगली ठाऊक आहे. आईला ती कोणी सांगितली नव्हती. रविवारच्या उपासनेत मी सगळी गीते स्वच्छ म्हणतो, हे तिने माझ्या शेजारी बसून ऐकले होते, इतकेच. म्हणून आमची शाळा गीताने सुरू होई. त्यानंतर शास्त्रवाचन आम्ही तिघे एका सुरात करत असू, आणि मग एकेक दिवस ती आपला आवाज थोडा थोडा खाली आणत असे. एकशे एकोणिसावे स्तोत्र एकशे शहात्तर वचनांचे आहे. मूळ हिब्रू भाषेत त्याचे आठ-आठ वचनांचे बावीस भाग आहेत, आणि प्रत्येक भागातले प्रत्येक वचन वर्णमालेतल्या एकाच अक्षराने सुरू होते. आमच्या मराठी पवित्र शास्त्रात त्या भागांवर आलेफ, बेथ, गिमेल अशी नावे छापलेली होती. आठवड्याला एक भाग, याप्रमाणे बावीस आठवडे आम्ही ते पाठ केले. लामेद या भागाच्या सुमारास केव्हातरी माझ्या लक्षात आले की आई केवळ ओठ हलवत आहे आणि आवाज एकट्या माझा आहे. मी घाबरून थांबलो, तेव्हा तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पुढचे वचन पुन्हा मोठ्याने धरले. मी पूर्ण बरा झालो, असे मात्र झाले नाही. दूरध्वनीवर अनोळखी माणसाशी बोलताना मी आजही अडखळतो. पण अडखळण्याची लाज त्या स्वयंपाकघरात संपली.

हो, शाळा स्वयंपाकघरातच भरत असे. ओट्याशेजारी दोन पाट मांडलेले असत. अभ्यासक्रम बालभारतीचा होता आणि दर जूनमध्ये आम्ही पुस्तके अप्पा बळवंत चौकातून आणत असू. शिकवण्याची रीत मात्र वेगळी होती. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंचे विचार आईला चर्चमधल्या एका निवृत्त शिक्षिकेकडून समजले होते. पाठ लहान असावा, मुलाने तो एकदाच पण मन लावून ऐकावा आणि मग आपल्या शब्दांत सांगावा, आणि रोज काही काळ उघड्यावर जाऊन जे दिसेल ते वहीत उतरवावे, अशी ती रीत. सांगणे मला जड जाई, म्हणून आईने मला आधी चित्र काढून ‘सांगण्याची’ मुभा दिली. प्रत्येक पाठ वीस मिनिटांचा, गजराच्या घड्याळावर मोजलेला. उघड्यावर जायचे म्हणजे बहुधा तळजाईच्या टेकडीवर. तिथल्या गिरिपुष्पांच्या दाटीत पक्ष्यांचा आवाज आधी येई आणि पक्षी नंतर दिसे, त्यामुळे माझ्या वहीत आवाजांची वर्णने पुष्कळ आहेत.

मोहरीची गोष्ट सांगितल्याशिवाय हे लिखाण पुरे होणार नाही. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात येशू स्वर्गाच्या राज्याला मोहरीच्या दाण्याची उपमा देतो. सर्व दाण्यांत लहान असा तो दाणा वाढून एवढा मोठा होतो की आकाशातली पाखरे त्याच्या फांद्यांत येऊन राहतात. हे वाचल्यावर मी विचारले की लहान म्हणजे किती लहान. आईने उत्तर दिले नाही, ‘पप्पांना येऊ दे’ एवढेच म्हणाली. पप्पांकडे जुन्या बाजारातून घेतलेला स्वतःचा व्हर्नियर कॅलिपर होता. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. रविवार उपासनेचा, म्हणून आमची फेरी नेहमी बुधवारची. त्या संध्याकाळी त्यांनी फोडणीच्या डब्यातले दहा दाणे एका पांढऱ्या बशीत काढले आणि कॅलिपरच्या जबड्यात दाणा न चेपता कसा धरायचा, हे आधी स्वतः करून दाखवले. मुख्य पट्टीवरचा आकडा, मग सरकत्या पट्टीवरची जुळणारी रेघ, मग दोहोंची बेरीज. दहा दाण्यांची मापे मी वहीत एकाखाली एक लिहिली, त्यांची बेरीज करून दहाने भागले, आणि दीड मिलिमीटरच्या आसपास उत्तर आले. सरासरी म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. पुढे ती संज्ञा पुस्तकात भेटली, तेव्हा ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

ते दाणे आम्ही ऑक्टोबरात वाड्याच्या चौकात, रॉकेलच्या कापलेल्या डब्यात पेरले. दर रविवारी चर्चहून आल्यावर रोपांची उंची मोजायची आणि वहीत लिहायची. नाताळात ती पिवळ्या फुलांनी भरली. पाखरे काही आली नाहीत, मावा आला. पप्पांनी भिंगातून तो दाखवला, आणि काही दिवसांनी त्या माव्यावर जगणारे ढालकिडेही दाखवले. सर्वांत उंच रोप माझ्या कमरेला लागत होते. ‘आपल्या मोहरीचे झाड का झाले नाही?’ असे मी विचारले, तेव्हा पप्पा एका रविवारी पाळकसाहेबांना विचारून आले आणि म्हणाले की त्या दाखल्यातली मोहरी काळी मोहरी असावी असे पुष्कळ अभ्यासक मानतात, आणि ती चांगल्या जमिनीत पुरुषभर उंचीपेक्षाही वर जाते. ठाऊक नसेल ते विचारून यायचे आणि मग मुलाला सांगायचे, ही त्यांची पद्धत होती. माझ्यावर झालेल्या ख्रिस्ती संस्कारांत या पद्धतीला मी फार वरचे स्थान देतो.

पुण्यातल्या किंवा आसपासच्या कोणी असे बालपण अनुभवले असेल, तर अवश्य लिहावे.

वाड्यातला शेजारी

तुमचे लिखाण वाचताना तो वाडा मला स्पष्ट दिसला, कारण तुमच्या समोरच्या बाजूला, जिन्याखालच्या खोलीत आम्ही राहत होतो. रॉकेलचा तो डबा माझ्या आजीला नळाच्या वाटेत आडवा येई, पण नाताळात त्याला फुले आल्यावर तिने तो कोणाला हलवू दिला नाही.

एक गोष्ट मला आवर्जून नोंदवावीशी वाटते. आपल्या पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली चहा घेतला, म्हणून टिळक आणि रानडे यांच्यासह कितीतरी नामवंत पुणेकरांवर ग्रामण्याचे, म्हणजे जातिबहिष्काराचे, प्रकरण उभे राहिले होते आणि ते शंकराचार्यांपर्यंत गेले होते. त्यानंतर शंभर-एक वर्षांनी त्याच पेठेत माझी सोवळ्यातली आजी रोज दुपारी चार वाजता तुमच्या आईंच्या हातचा चहा तुमच्या उंबऱ्यावर बसून घेत असे, आणि घेता घेता तुमचा पाढ्यांचा घोष ऐकत असे. निमकी आणि पाऊणकी, म्हणजे अर्ध्याचे आणि पाऊणचे पाढे, तुम्हाला आजीने शिकवली, हे तुमच्या लिखाणात आले नाही. दिवाळीत आमच्याकडून ताट जाई आणि नाताळात तुमच्याकडून येई. दोन्ही ताटांत करंज्या असत, आणि तुमच्या करंज्यांत खसखस जास्त असे.

मी रोज शाळेत जात होतो. तुम्ही घरी असता याचा मला त्या वयात हेवा वाटे, आणि तो सुट्टीचा हेवा नव्हता. माझ्या चुकांवर लाल शाईची फुली येई. तुमच्या वहीत आई चुकलेल्या शब्दाशेजारी तोच शब्द नीट लिहून ठेवत, आणि चुकलेला शब्द खोडत नसत. मी गणितात नापास झालो, त्या उन्हाळ्यात त्यांनी तिसरा पाट मांडला आणि मला अपूर्णांक शिकवले. प्रार्थना सुरू झाली की मी उठून जाऊ लागे. त्यांनी कधी थांब म्हटले नाही आणि जा असेही म्हटले नाही. काही दिवसांनी मी बसूनच राहू लागलो. शेवटी त्या माझेही नाव घेऊन ‘याला गणिताची भीती वाटू नये’ असे मागत. आपल्यासाठी कोणीतरी देवापाशी इतके नेमके काही मागते आहे, हा अनुभव मला अन्यत्र आला नाही.

पेठेतल्या पवित्र नाम देवालयाचा, म्हणजे चर्चचा, मनोरा मुख्य इमारतीपासून वेगळा उभा आहे, आणि रविवारी सकाळी त्यातल्या घंटा वाजू लागल्या की आमच्या घरात दूध तापवायला ठेवायची वेळ झाली, असे समजत. आजही त्या भागातून जाताना घंटा ऐकू आल्या, तर मला दुधाची आठवण होते.

केडगावची वाट

घरी शिकण्याची पुण्याला नवलाई असू नये. सावित्रीबाईंना जोतीरावांनी प्रथम घरीच शिकवले, आणि त्यानंतर १८४८ साली भिडे वाड्यातली मुलींची शाळा उभी राहिली. न्यायमूर्ती रानड्यांनी पत्नी रमाबाईंना घरी शिकवले, आणि घरातल्या इतर बायकांचा रोष पत्करून त्या शिकल्या. ख्रिस्ती कुटुंबांना तर पंडिता रमाबाईंचे उदाहरण अगदी जवळचे आहे. त्यांचा जन्म १८५८ सालचा, गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून पत्नीला संस्कृत शिकवले होते, आणि रमाबाई शिकण्याच्या वयात आल्या तेव्हा वडील थकले होते, म्हणून आई लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवले. घरकाम सुरू होण्याआधी, पहाटे, मुलीला जवळ घेऊन जागे करायचे आणि पाठ द्यायचा, असा तो क्रम होता. त्या मुलीने पुढे मुंबईत १८८९ साली शारदा सदन काढले, ते पुढच्या वर्षी पुण्याला आणले, केडगावला मुक्ती मिशन वसवले, आणि हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर केले. ते छापण्यासाठी खिळे जुळवणाऱ्या बायका मुक्तीतल्याच होत्या.

माझ्या वडिलांनी आम्हा भावंडांना दौंडच्या गाडीने केडगावला नेले होते आणि परतताना विचारले होते की रमाबाईंची शाळा कोणती. आम्ही शारदा सदन असे सांगितले. ते म्हणाले, ‘ती त्यांनी काढलेली शाळा. त्यांची स्वतःची शाळा म्हणजे त्यांची आई.’ तुमच्या आईंविषयी वाचून ते वाक्य आठवले.

नवखी आई

माझा मुलगा सात वर्षांचा आहे आणि आम्ही त्याला घरी शिकवण्याचा विचार करत आहोत. आमचेही कुटुंब ख्रिस्ती आहे. आम्ही वानवडीला राहतो. आपल्या आठवणी वाचून धीर आला, परंतु मनात व्यावहारिक शंका आहेत. दहावीचे काय केले? पुढे प्रवेशाला अडचण आली का? आणि आपल्या आईंना हे सगळे एकट्याने झेपले कसे, हा खरा प्रश्न आहे, कारण मला स्वतःविषयीच अधिक भीती वाटते.

मोहरीचा दाणा

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आईला ते एकटीने झेपले नाही, आणि तिने तसा आवही आणला नाही. पाढे समोरच्या आजींनी घेतले. वर शेजाऱ्यांनी लिहिले आहे ते खरे आहे, आणि ते माझ्या लिखाणातून सुटले याची मला खंत वाटते. भूमिती पप्पांनी घेतली, तीही पाळी संपवून सायकलने खडकीहून आल्यावर. इंग्रजी वाचन चर्चमधल्या त्या निवृत्त शिक्षिकेने घेतले. चर्चच्या शब्बाथशाळेत आमच्या वयाची वीस-पंचवीस मुले होती, चौकात क्रिकेट होते, आणि नाताळच्या आठवड्यात रात्री घरोघर गीते गात फिरताना आख्खी पेठ आमच्या ओळखीची होत असे. दोन खोल्यांच्या घरात दार लावून घेतलेली शाळा टिकली नसती. तुम्ही सुरुवात करणार असाल, तर आधी दोन-तीन घरे जोडून घ्या आणि पुस्तके त्यानंतर घ्या.

परीक्षेविषयी सांगतो. मी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी केली. ही केंद्र सरकारची १९८९ सालची संस्था आहे, आणि २००२ पासून तिचे नाव राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था असे आहे. माध्यमिक परीक्षेसाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात. किमान पाच विषय घ्यावे लागतात, वर्षातून दोनदा परीक्षा होते, आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. मी दोन विषय आधी दिले आणि तीन नंतर. माझ्यासारख्या मुलाला ही सवलत फार मोलाची होती, कारण एकाच आठवड्यात सगळे सिद्ध करून दाखवण्याचे दडपण राहिले नाही. अकरावीच्या प्रवेशाला गेलो, तेव्हा एका महाविद्यालयाच्या खिडकीवरील कारकुनांनी असे मंडळच अस्तित्वात नाही असे सांगून अर्ज परत केला. पप्पा दुसऱ्या दिवशी रजा काढून, सरकारी आदेशाची प्रत घेऊन गेले आणि अर्ज स्वीकारला गेला. तशी प्रत तुम्हीही जवळ ठेवा.

कायद्याची बाजूही पाहून घ्या. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला; सहा ते चौदा वयाच्या मुलांना तो लागू आहे आणि त्याचा सगळा रोख शाळेवर आहे. आमच्या वेळी तो नव्हता. म्हणून निर्णयापूर्वी एखाद्या जाणकार वकिलांशी बोलावे, असे मी मोकळेपणाने सुचवतो.

आणि भीतीविषयी : आईच्या रोजच्या टिपणांची वही मी मोठेपणी वाचली. त्यात एका पानावर फक्त ‘आज शिकवले नाही. मी थकले. मुलांनी आंबे खाल्ले.’ एवढेच लिहिले आहे.

विज्ञानवाट

लिखाण मनापासूनचे आहे आणि आवडले. तरीही एक शंका मांडतो, ती आकसाने नाही. मुलाचे आईवडील, शिक्षक आणि धर्मगुरू ही तिन्ही ठिकाणे जेव्हा एकाच घरात, एकाच विश्वासाची असतात, तेव्हा मुलाला ‘हे खरे कशावरून?’ असे विचारण्यासाठी बाहेरची जागा उरते का? मी स्वतः कर्मठ हिंदू घरात वाढलो आणि माझ्यासाठी ती जागा शाळा होती. तिथल्या विज्ञानाच्या सरांनी मला प्रश्न विचारायला शिकवले नसते, तर मी घुसमटलो असतो.

मोहरीचा दाणा

तुमची शंका रास्त आहे आणि मी तिचा बराच विचार केला आहे. ज्या घरात प्रश्नाला पाप मानतात, तिथे घरची शाळा मुलाला कोंडून टाकू शकते, हे मला मान्य आहे. तशी घरे ख्रिस्ती समाजातही आहेत. माझ्या आठवणींवरून कोणी सरसकट निष्कर्ष काढू नये.

आमच्या घरात काय झाले, ते सांगतो. मी अकरा-बारा वर्षांचा असताना पवित्र शास्त्रातल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातले सृष्टिनिर्मितीचे सहा दिवस आणि खडकांचे वय हा मेळ कसा घालायचा, असे विचारले. प्रश्न मला टेकडीवर पडला होता, कारण आपल्या पायाखालचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, असे पुस्तकात वाचले होते. आई गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मला हे सांगता येत नाही. पण तुझा प्रश्न देवाला नवा नाही.’ त्या रात्री पप्पांनी प्रार्थनेत तो प्रश्न जसाच्या तसा, माझ्या शब्दांत, देवापुढे ठेवला. त्यांनी उत्तर मागितले नाही. मुलाला हा प्रश्न पडला आहे आणि तो पडल्याबद्दल आभार, एवढेच ते म्हणाले. पुढे मी भूशास्त्र शिकलो आणि आज माझा चरितार्थ त्यावरच चालतो. माझा विश्वास लहानपणी होता तसाच राहिला नाही, पण तो सुटला नाही, आणि कोणत्याही खडकाचे वय सांगताना मला आईवडिलांविरुद्ध काही बोलतो आहे असे कधी वाटले नाही.

तुम्हाला तुमच्या सरांनी जी जागा दिली, ती मला आईच्या त्या गप्प राहण्यात मिळाली. तिला उत्तर येत नव्हते आणि तिने ते लपवले नाही. ती रागावली असती, तर मी आज तुमच्या बाजूने लिहीत असतो.

धाकटी

दादा, तुझ्या लिखाणात आपण सगळे आहोत आणि ते वाचून मला रडू आले. पण ‘आम्ही तिघे एका सुरात’ असे तू लिहिले आहेस, त्या तिघांतली मी, आणि माझी आठवण थोडी वेगळी आहे. ती इथे लिहिली नाही, तर आईवर अन्याय होईल, म्हणून लिहिते.

मला घरी शिकायचे नव्हते. तुला शाळेने दुखावले होते. मी शाळा पाहिलीच नव्हती. सकाळी पावणेसातला वाड्याच्या दारातून मुली लाल रिबिनी बांधून निघत आणि मी ओट्यावर बसून त्यांच्या रिबिनी मोजत असे. शेजारच्या ताईचा लहान झालेला गणवेश मी मागून आणला होता आणि तो पेटीत तळाशी ठेवला होता. तुम्ही टेकडीवर गेलात की मी तो घालून आरशासमोर उभी राहत असे आणि स्वतःची हजेरी घेत असे. एके दिवशी आई लवकर परतली. तिने मला त्या गणवेशात पाहिले, काही विचारले नाही, आणि खाली बसून झग्याची उसवलेली शिवण घातली. मग म्हणाली, ‘घरी शिकवायचे ते दादाला गरज होती म्हणून. तुला काय हवे ते तू सांग.’ मी पाचवीपासून शाळेत गेले.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. नव्या ताईंना सांगते : आईने घरचे शिक्षण हा नेम केला नव्हता. एका मुलाला ते हवे होते आणि दुसऱ्याला नको होते, आणि तिने दोघांचे ऐकले. शाळेत गेल्यावर मला कळले की माझ्याकडे काय आहे. बाई कविता शिकवताना मला ती एकदा ऐकून सांगता येई. आणि घरी आल्यावर पाट मांडलेला असेच. एकतिसावा अध्याय मीही सोडला नाही. पप्पा गेल्यापासून तो मी वाचते आणि वाचताना आईकडेच पाहते.

आता दुसरी गोष्ट. काल रात्री मी आईला हा सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. आजींच्या चहापाशी ती हसली. आंब्यांच्या पानापाशी ‘ते कशाला लिहिले’ म्हणाली. मोहरीपाशी तिने मला थांबवले, चष्मा मागितला आणि कपाटातून ती लाल कापडी बांधणीची वही काढायला लावली. तिचे म्हणणे असे की तू तिथे चूक लिहिली आहेस. १९९५ च्या जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारची नोंद पप्पांच्या अक्षरात आहे : सर्वांत उंच रोप १०४ सेंटिमीटर, आणि त्याखाली, त्याच दिवशी दाराच्या चौकटीला उभे करून मोजलेली तुझी उंची, १२१ सेंटिमीटर. म्हणजे रोप तुझ्या कमरेला कसे लागेल? तू मोठा झालास आणि आठवणीतले रोप तेवढेच राहिले, असे ती म्हणते. दुरुस्ती करावी, असा निरोप आहे.

मोहरीचा दाणा

दुरुस्ती करतो. सर्वांत उंच रोप माझ्या हनुवटीला लागत होते.